वॅगन नाना आणि पुढची सीट

वॅगन नाना गाडी घेऊन बाहेर पडले की रस्त्यावरची माणसं हात जोडायची. सायकलवाला खाली उतरायचा, टपरीवरचं गिऱ्हाईक चहाचा कप बाजूला ठेवायचं, कुणाच्या डोक्यावर टोपी असली तर ती काढली जायची. नाना स्टेअरिंगवरचा एक हात उचलून प्रत्येकाचा नमस्कार परत करायचे आणि शेजारी बसलेल्या मला म्हणायचे, "देखं का? गाडी लिधी तवपासून कितला मान वाढना!"

गाडी लांबलचक होती, पांढरी होती आणि मागच्या बाजूला तिला मोठमोठ्या काचा होत्या. लोकांना तो स्वर्गरथ वाटायचा. नानांना हे तोंडावर सांगायची हिंमत अख्ख्या धरणगावात एकाच व्यक्तीत होती, ती म्हणजे माझी मामी. नानांनी गाडी दारात लावून "बठ ना व, एक चक्कर मारीसन येऊत" म्हटलं, तेव्हा मामीने परातीतलं पीठ मळता मळता वर न बघता उत्तर दिलं होतं, "माले तेमा एकच दाव बठनं शे, ते बी आडं पडीसन. आज नही."

झालं. त्या दिवसापासून नानांच्या आयुष्यात एकच काम उरलं. मामीला त्या गाडीच्या पुढच्या सीटवर बसवायचं.

नाना म्हणजे माझे सख्खे मामा. मी त्यांच्या घरी राहून जळगावच्या कॉलेजात जाऊन-येऊन बी.कॉम. झाले. आमच्या आणि मामाच्या, दोन्ही घरांत पदवी आणणारी मी पहिली. हे मी कुणी विचारलं तरी सांगते, नाही विचारलं तरी सांगते. नाना माझ्यापेक्षा जास्त सांगायचे. निकालाच्या दिवशी त्यांनी गल्लीत उभं राहून जाहीर केलं होतं, "आमना घरनी पहिली वॅगन रवाना व्हयनी!"

कारण नानांच्या तोंडी जगातल्या कुठल्याही मोठ्या गोष्टीला वॅगन हाच शब्द होता. त्यांची उमर सावदा, निंभोरा अशा स्टेशनांवर मालगाडीच्या डब्यांत केळी भरण्यात गेली. ते भरणाऱ्या टोळीचे मुकादम होते. आमच्याकडे मालगाडीच्या डब्याला कुणी डबा म्हणत नाही, वॅगनच म्हणतात. जेवण भरपूर झालं की नाना पोटावरून हात फिरवून म्हणत, "वॅगन फुल." लग्नात एखादी बाई दागिन्यांनी मढलेली दिसली की मामीच्या कानात सांगत, "हाई वॅगन ओव्हरलोड शे." मला सर्दी झाली तरी "वॅगन गळी राह्यनी" म्हणायचे. त्यामुळे लोक त्यांना वॅगन नाना म्हणत आणि त्यांना ते आवडे.

तर हीच सवय त्यांना नडली. मामीला शेतात एक खोली हवी होती. पापड, कुरडया, बिबडे करायला बायका जमायच्या आणि घरात पाय ठेवायला जागा उरायची नाही. नानांनी शब्द दिला, "तुले एक जुनी वॅगन आनी देस. दार सरकाडं का खोली तयार." रेल्वेच्या भंगारातून असा डबा मिळतो असं त्यांनी कुठून तरी ऐकलं होतं. मामीने लगेच बांधावरच्या निंबाखालची जागा साफ केली, सारवली, डबा टेकवायला कोपऱ्यांना दगडही मांडून ठेवले.

आणि एक दिवस नाशिकहून नानांच्या ओळखीच्या एका केळीच्या ट्रकवाल्याचा फोन आला. मी समोरच अभ्यास करत होते, आणि नाना फोनवर बोलत तेव्हा पलीकडचं सगळं गल्लीलाही ऐकू जाई.

"नाना, इथे एका साहेबांकडे एक जुनी स्टेशन वॅगन विकायला निघालीय. मागे जागाच जागा आहे. दणकट एकदम. चाकं पण चांगली आहेत."

"चाकं काय करनी शेत भाऊ? ती आम्ही काढी टाकसूत."

"चाकं काढून काय करणार नाना?"

"निंबखाल ठेवसूत. आनि तेमा पापड करसूत."

ट्रकवाला काय समजला देव जाणे, पण त्याने साहेबांकडून सौदा पक्का केला. स्टेशन वॅगन म्हणजे स्टेशनावरची वॅगन, याविषयी नानांच्या मनात काडीची शंका नव्हती. मलाही नव्हती. कॉमर्सला हे शिकवत नाहीत.

नाना दोरखंड, साखळ्या, पहारी, साखळी-पुली आणि टोळीतली दांडगी माणसं ट्रकमध्ये घालून नाशिकला गेले. तिथे बंगल्याच्या फाटकातून ही सगळी फौज आत शिरली, तेव्हा ते निवृत्त साहेब बागेला पाणी घालत होते. त्यांच्या हातातला पाइप तसाच राहिला. त्यांनी फौजेला गॅरेजपाशी नेलं, कव्हर ओढलं, आणि खाली ती निघाली. लांब, पांढरी मोटार.

टोळीतली माणसं नानांकडे बघत राहिली. नाना मोटारीकडे. साहेब पहारींकडे बघत म्हणाले, "एवढी माणसं कशाला आणलीत?"

दुसरा कुणी असता तर खरं सांगून, चहा पिऊन परत आला असता. पण नाना मुकादम होते. टोळीसमोर मुकादम चुकत नसतो, नाहीतर उद्या कुणी केळीच्या घडाला हात लावत नाही. नानांनी घसा खाकरला आणि म्हणाले, "आमच्याकडं गाडी न्यायला घरची माणसं येतात. नारळ फोडायला."

"पहारीने?"

"आमच्याकडले नारळ टणक असतात साहेब."

ती सगळी माणसं त्या गाडीतच दाटीवाटीने बसून परत आली, काही सीटवर, काही मागच्या मोकळ्या जागेत उकिडवी, आणि मागून रिकामा ट्रक. नानांना ट्रॅक्टर येत होता, तेवढ्या भांडवलावर त्यांनी ती मोटार घाटातून उतरवून आणली. घरी आल्यावर त्यांनी ती सरळ शेतात नेऊन मामीने सारवलेल्या जागेवर बरोबर दगडांच्या मधोमध उभी केली आणि कमरेवर हात ठेवून म्हणाले, "मी ते वॅगनच सांगेल व्हती. वॅगनच उनी."

मामीने गाडीला एक प्रदक्षिणा घातली. सरकतं दार कुठे दिसतं का ते पाहिलं. मग घरी निघून गेली. मी मोबाइलवर शोधून नानांना सांगितलं की या प्रकारच्या मोटारीलाच स्टेशन वॅगन म्हणतात. त्यावर नाना म्हणाले, "मंग? मी काय सांगी राह्यनू?" त्यानंतर जो कुणी विचारेल त्याला हेच उत्तर. वॅगनच सांगितली होती, वॅगनच आली.

आता मामीला बसवायचं तर आधी गाडीचं रूप बदलायला हवं, असं नानांच्या मनाने घेतलं. स्वर्गरथ दिसतो तर रंग बदलू. गाडी गॅरेजला गेली आणि हळदीसारखी पिवळी होऊन आली. दुसऱ्या दिवशी सकाळी नाना पान खायला एरंडोल नाक्यावर थांबले, तर एका बाईने मागचं दार उघडून आपली पोरं आत ढकलली, वर दप्तरं टाकली आणि "काका, आज उशीर केला" म्हणून नानांनाच झापलं. नानांनी पोरं शाळेत नेऊन सोडली. पुढे कितीतरी दिवस सोडत राहिले. म्हणायचे, "आते नही कसं सांगनं? पोरं बठी जातस."

मामी म्हणाली, "पोरं बठतील. माले शाळा नही शिकनी."

मग छतावर लोखंडी कॅरियर आलं. का, तर पापडाची टोपली वर ठेवता येईल, म्हणजे मामीला गाडी उपयोगाची वाटेल. कॅरियर लागलं तशी तिला निवडणुकीच्या प्रचाराची कळा आली. बाजारात नाना जरा उभे राहिले की माणसं जमायची, "कोण उभं आहे नाना? कोणाचा प्रचार?" एकदा नाना वैतागून बॉनेटजवळ उभे राहिले आणि मोठ्यांदा म्हणाले, "भाऊ, माले एकच मत पाहिजे, तेच भेटत नही!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी हारही घातला. तो हार नानांनी घरी आणून मामीच्या हातात दिला. मामीने तो गाईच्या गळ्यात घातला.

हॉर्नची तऱ्हा वेगळीच. नानांना वाटलं, मधुर हॉर्न असला तर मामीचं मन पाघळेल. त्यांनी सुरावटीचा हॉर्न बसवून घेतला. संध्याकाळी गल्लीत येताना वाजवला, तर घराघरांतून बायका वाट्या घेऊन बाहेर आल्या. कुल्फीवाल्याची गाडी तसाच हॉर्न वाजवायची. मामी पण वाटी घेऊन आली होती. नानांना स्टेअरिंगवर बघून तिने वाटी पदराआड लपवली. नानांनी ते पाहिलं होतं. ते लगोलग बाजारात जाऊन कुल्फी घेऊन आले, पण ती विरघळून कॅरियरवरून काचेवर ओघळत होती. मामीने काच पुसली, पण दाराला हात लावला नाही.

सगळ्यात मोठी करामत सीटची. मामी एकदा मला गाडीत बसलेली बघून सहज बोलली की त्या सीटवर माणूस पार मागे कलंडतं, आपल्या सोफ्यावर कसं ताठ बसता येतं. नानांना एवढं पुरे होतं. मामी भाजीला गेली तेव्हा त्यांनी बैठकीतली सोफ्याची खुर्ची उचलली, गाडीतली पुढची डावी सीट काढली, आणि तिच्या जागी वेल्डिंग करून ती खुर्ची पक्की केली. फुलाफुलांच्या कापडाची, हाताला लाकडी दांडे असलेली. वर मामीच्याच हातचं क्रोशाचं विणकाम टाकलं. मामी परत आली तर बैठकीत एक भगदाड. मग पाहुणे जास्त झाले की नाना एकाला बाहेर नेऊन गाडीत बसवायचे आणि चहा खिडकीतून द्यायचे. माझ्या लग्नाची बोलणी करायला धुळ्याहून पाहुणे आले, तेव्हा माझे होणारे सासरे पूर्ण वेळ गाडीत होते. त्यांना इतकं आवडलं की होकारही त्यांनी तिथूनच काच खाली करून दिला.

"बठ्ठा बठी गयात," नाना मला म्हणाले, "एक तुनी मामी सोडीसन." हसतच म्हणाले, पण क्रोशाच्या विणकामाची घडी सारखी करत राहिले.

मग आला सोनगीरचा साखरपुडा. सोनगीर मामीचं माहेर, आणि तिच्या भावाच्या मुलीचा साखरपुडा होता. नानांनी तयारीच केली. पिवळा रंग काढून गाडी पुन्हा पांढरी केली, आणि यावेळी स्वर्गरथ वाटू नये म्हणून गॅरेजवाल्याच्या सल्ल्याने दोन्ही बाजूंनी एक ठसठशीत लाल पट्टा ओढून घेतला. सकाळी इस्त्रीचे कपडे घालून, दार उघडून उभे राहिले. मामी नवी साडी नेसून बाहेर आली, पट्ट्याकडे बघितलं, आणि मला म्हणाली, "चाल पोरी, एसटीनी येळ व्हयनी."

आम्ही दोघी धुळ्यावरून पुढे सोनगीरकडे जाणाऱ्या एसटीत बसलो. गर्दी होती, अगदी शेवटची बाकडी मिळाली. अमळनेरच्या अलीकडे मामीने मागच्या काचेतून बघितलं. मागे गाडी. आत एकटे नाना, आणि शेजारी रिकामी सोफ्याची खुर्ची.

थोड्या वेळाने ड्रायव्हरने आरशात पाहिलं, एसटी बाजूला घेतली आणि हात बाहेर काढून मागच्या गाडीला पुढे जायची खूण केली. नानांनी हात काढून उलटी खूण केली, तुम्हीच जा. असं बऱ्याचदा झालं. शेवटी कंडक्टर मागे आला.

"काय पण ॲम्ब्युलन्स आहे! साइड देतोय, तर जात नाही. आतला पेशंट काय पेंड खात बसलाय?"

"आत पेशंट नाही," मी म्हणाले, "माझे मामा आहेत."

"मग इथं कोण आजारी आहे?"

"कुणी नाही. ते मामीला न्यायला आलेत."

कंडक्टरने मामीकडे पाहिलं, मागच्या गाडीकडे पाहिलं, मग पुन्हा मामीकडे. "अक्का, भांडण लई जुनं दिसतंय," म्हणून तो पुढे गेला. प्रत्येक थांब्यावर नाना उतरायचे, आमच्या खिडकीखाली येऊन मान वर करायचे, "बठस का?" मामी मान हलवायची. नाना परत जाऊन गाडीत बसायचे. अमळनेरला तर त्यांनी खिडकीतून गरम भजी दिली. मामीने भजी घेतली. सगळी एसटी आता आमच्या बाजूला वळून बसली होती. एक म्हातारी म्हणाली, "बठी जाय ना व माय, कितला फिरावशी त्याले?"

तेव्हा मामी माझ्या कानाशी लागून बोलली. "काय सांगू पोरी तुले. माले गाडीना राग नही. डबा नही भेटना, तेना बी राग नही. पन मी जागा सारेल व्हती. दगडं मांडेल व्हतात. तुना मामा एक दाव म्हनता ना, का मनी चूक व्हयनी, तर मी तेच दिवशी बठी जाती." मग माझा दंड घट्ट धरून म्हणाली, "त्याले सांगशी तर याद ठेव."

माझा जीव अर्धा झाला. धुळ्याच्या स्टँडवर एसटी थांबली, तशी मी पाय मोकळे करायला उतरले. नाना गाडी घेऊन थेट फलाटाला लागले. माइकवरून ओरडा सुरू झाला, "ॲम्ब्युलन्सवाले, पेशंट कुठे आहे ते सांगा, नाहीतर गाडी काढा!" नाना माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "काय सांगं तिनी? लाल पट्टा नही आवडना का? हिरवा करू?" मी पदवीधर बाई, चार वाक्यं एकत्र जोडायला शिकलेली, पण तोंड शिवून उभी राहिले.

सोनगीर फाट्यावर मामीचं सगळं माहेर घ्यायला आलं होतं. त्यांना आधी दिसली ती आमची गाडी, कारण हायवेवर एसटीच्या ड्रायव्हरने वैतागून शेवटी नानांना मागून ढकलल्यासारखंच पुढे घातलं होतं. सोनगीरकरांनी लाल पट्ट्याची गाडी ओळखली नाही, आत नाना मात्र ओळखले. अक्का एसटीने येणार होती आणि नाना एकटे ॲम्ब्युलन्समध्ये, म्हणजे मागे आडवी अक्काच असणार! मामीच्या वहिनीने तिथेच बसकण मारली आणि असा टाहो फोडला की ढाब्यावरची माणसं जेवण टाकून आली. "मनी नणंद व माय!" मामीचे भाऊ, आबा, गाडीच्या मागच्या काचेला कपाळ लावून आत बघत होते आणि रडत होते. आत पापडाची टोपली होती.

नाना खाली उतरले, "अरे नही, अरे नही" करू लागले, पण ऐकतो कोण. त्यांचा चेहरा मी पहिल्यांदा असा पांढरा झालेला पाहिला. त्यांनाही क्षणभर वाटलं असावं की खरंच असं झालं तर?

एवढ्यात मागून एसटी आली आणि मामी उतरली. "काय व्हयनं? कोन गयं?" तिनेच विचारलं. वहिनीचा टाहो अर्ध्यात थांबला. आबांनी काचेवरून कपाळ काढलं, बहिणीला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि मग नानांवर उसळले, "पाव्हना, हाई काय शे? हाई असली गाडी कसाले लिधी तुम्हीन?"

आम्हाला सगळ्यांना उत्तर पाठ होतं. मीसुद्धा मनात म्हणून टाकलं, मी ते वॅगनच सांगेल व्हती.

नाना मामीकडे बघत होते. टोपी काढून हातात घेतली. म्हणाले, "आबा, माले मालगाडीना डबा लेवाना व्हता. हिले खोली कराले. वॅगन म्हनं तेसनी, माले वाटनं डबा शे. पहारी लिसन गऊ मी. मनी चूक व्हयनी."

क्षणभर कुणालाच काही कळलं नाही. मग आबांना कळलं. "पहारी?" एवढं एकच ते बोलले आणि हसत हसत रस्त्याच्या कडेला बसले. वहिनी रडत होती तशीच हसायला लागली. एसटीतून कंडक्टर ओरडला, "अक्का, मिटलं का?" गाडी सुटत नव्हती, प्रवासी सोडू देत नव्हते.

मामी सगळ्यांतून वाट काढत गाडीपाशी गेली. दार उघडलं. क्रोशाचं विणकाम सारखं केलं आणि सोफ्याच्या खुर्चीवर ताठ बसली. एसटीतून टाळ्या पडल्या. फाट्यापासून घर हाकेच्या अंतरावर होतं. नानांनी ते अंतर इतक्या हळू पार केलं की आम्ही पायी चालणारे आधी पोचलो.

त्यानंतर मामी गाडीतून उतरायला तयार होईना. बाजार, लग्नं, जामनेरची बहीण, सगळीकडे गाडी. पापडवाल्या बायका निंबाखाली बसायच्या आणि मामी गाडीतून त्यांना हुकूम सोडायची. नाना तक्रार करायचे, "मुकादमना डायव्हर व्हई गऊ मी." पण लाल पट्टा त्यांनी पुसला नाही, कारण रस्ता लवकर मिळतो हे मामीला आवडायला लागलं होतं.

नाना जाऊन आता बराच काळ झाला. झोपेत गेले, कुणाला त्रास न देता. गाडी विकायची नाही, असं मामीने सांगून टाकलं आहे. मी धुळ्याहून सुट्टीला धरणगावला गेले की तिला फिरवून आणते. गाडी अजून चालते. स्टेअरिंग जड आहे आणि मी दमते, पण तेही सांगून टाकते, आमच्या घरातली गाडी चालवणारी पहिली बाई पण मीच.

फक्त मामी आता पुढे बसत नाही. मागच्या सीटवर चढते, आणि त्या मोठ्या काचेकडे तोंड करून, उलटी बसते. मागच्या खेपेला मी म्हटलं, "मामी, पुढे ये ना. खुर्ची रिकामी आहे."

"नही," ती म्हणाली. "पुढे बठी का मांगे कोन येई राह्यनं ते दिखत नही."

मग मी गाडी हळू केली. मागचे हॉर्न वाजवतात, त्यांना वाजवू देते.